नऊने भाग जातो का बघा

बँकेच्या पासबुकात माझे पैसे 'जमा' असतात. माझ्या हिशेबाच्या वहीत तेच पैसे त्याच दिवशी 'नावे' असतात. दोन्ही बरोबर. अकरावीच्या वर्गात पहिल्या काही तासांतच हे सांगून टाकतात आणि मुले माना खाली घालून लिहून घेतात. वास्तविक तिथे घटकाभर थांबायला हवे. मी पैसे भरले, बँकेने घेतले. घेणाऱ्याचे खाते नावे, म्हणून माझ्या वहीत बँक नावे. देणाऱ्याचे खाते जमा, म्हणून बँकेच्या वहीत मी जमा. पासबुक म्हणजे, या बाईंचे आपण एवढे देणे लागतो, अशी बँकेने स्वतःच्या यंत्रावर छापून दिलेली कबुली. बँक ऋणको, मी धनको. आता, स्वतः देणेकरी असून घेणेकऱ्याकडेच फोटो, आधार, पॅन आणि विजेचे बिल मागणारा, दर काही वर्षांनी ते पुन्हा मागणारा, आणि सही जुळत नाही म्हणून घेणेकऱ्यालाच 'उद्या या' म्हणणारा ऋणको दुसरा कुठे सापडेल असे वाटत नाही.

हे ज्ञान मला उतारवयात झाले. नोकरीभर मराठी शिकवले. निवृत्तीनंतर सोसायटीच्या निवडणुकीत खजिनदारपदाला कुणी उभे राहीना, तेव्हा 'बाईंना वेळ असतो' या एकाच पात्रतेवर माझी बिनविरोध निवड झाली. मग भाचीचे 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' मागून आणले आणि वाचायला घेतले. वाणिज्य शाखेचे लोक कबूल करणार नाहीत, पण ते पुस्तक अतिशय वाचनीय असते. विशेषतः रोजकीर्दीची उदाहरणे.

त्या उदाहरणांतला व्यापारी १ एप्रिलला ५०,००० रुपये रोख आणून धंदा सुरू करतो. २ तारखेला फर्निचर घेतो. ४ तारखेला दहा टक्के व्यापारी सूट मिळवून उधारीवर माल आणतो. ९ तारखेला दुकानातला थोडा माल मुलीच्या वाढदिवसासाठी घरी नेतो. १५ तारखेला गोदामाला आग लागते, माल जळतो आणि विमा कंपनी दाव्यातला काही भागच मान्य करते. २१ तारखेला त्याचा एक ऋणको दिवाळखोर निघतो. रुपयातले ६० पैसे हाती लागतात. महिनाअखेर पगार, भाडे आणि धर्मादाय देणगी. एका माणसावर तीस दिवसांत एवढे गुदरते आणि त्याच्याबद्दल पुस्तकात येते ती प्रत्येक नोंदीखाली कंसात एक ओळ: (माल आगीत जळाल्याबद्दल). आग कशी लागली, त्या रात्री त्याच्या घरी चूल पेटली का, मुलीला वाढदिवसाला नेमके काय मिळाले, कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याने एवढेच सांगायचे की कुठले खाते नावे आणि कुठले जमा. पुढच्या पानावर तोच व्यापारी दुसऱ्या नावाने, दुसरे भांडवल घेऊन, पुन्हा १ एप्रिलला हजर असतो. त्याच्या चिवटपणापुढे मी मनोमन हात जोडले.

व्यापारी सुटीची नोंद पुस्तकात करायची नसते. सूट वजा करून उरलेलीच रक्कम लिहायची. रोख सूट मात्र लिहायची, तिला स्वतःचे खातेही असते. दरवर्षी शेकड्याने मुले इथे गुण घालवतात. दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालून मिळवलेली सवलत वहीत कुठेच दिसू नये, हे आमच्या आईला कुठल्याही नियमाने पटले नसते. तिच्या दृष्टीने तोच खरा नफा होता.

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ लावली ती उचलीने. मुलीच्या वाढदिवसासाठी नेलेल्या मालाची नोंद अशी होते: उचल खाते नावे, खरेदी खात्याला. दुकान त्याचे, माल त्याचा, मुलगी त्याची. तरी वही म्हणते की साहेब, तुम्ही निराळे आणि दुकान निराळे. तुम्ही धंद्यात घातलेले भांडवलसुद्धा धंदा तुमचे देणे लागतो, म्हणून ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला बसते. स्वतःपासून स्वतःला वेगळे काढून त्याच्याकडे त्रयस्थाप्रमाणे पाहायचे, हे आपल्याकडे अध्यात्मात फार वरच्या इयत्तेत शिकवतात. वाणिज्य शाखेत पहिल्या सहामाहीत उरकतात.

ही विद्या पहिल्यांदा छापून पुस्तकात आणली तोही एक साधूच होता. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा भिक्षू आणि गणिताचा शिक्षक. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा अंकगणित-भूमितीचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यातल्या एका भागात त्याने द्विनोंदी पद्धत समजावून दिली. ती त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी करत होते तेच लिहितो आहे, असे तो स्वतःच सांगतो. जिनोआच्या नगरपालिकेच्या १३४० सालच्या वह्या दोन्ही बाजू जुळवून लिहिलेल्या आहेत, म्हणजे तेव्हाही ही रीत जुनीच असावी. पुढे मिलानच्या दरबारात पाचोली आणि लिओनार्दो दा विंची एकत्र होते आणि पाचोलीच्या दुसऱ्या एका ग्रंथासाठी लिओनार्दोने आकृत्या काढून दिल्या. हिशेबनिसाला इतका चांगला चित्रकार पुन्हा मिळालेला नाही.

पाचोलीच्या तीन वह्या आहेत. पहिली रोजची टिपणवही, तिच्यात घडले तसे लिहायचे. मालक नसेल तर त्याच्या नोकरांनी आणि, लिहिता येत असेल तर, घरच्या बायकांनीही लिहावे, अशी त्याची सूचना आहे. दुसरी कीर्द, तिसरी खतावणी. प्रारंभी देवाचे नाव. आपल्याकडे वेगळे काय होते? इथेही कच्चे टिपण, मग कीर्द, मग खतावणी, तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहणारी तेरीज, शेवटी ताळेबंद. आणि पहिल्या पानावर श्री. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत, त्यांत लढायांपेक्षा जमाखर्चच भारी आहे. नाना फडणीस मुत्सद्दी म्हणून गाजले, तरी फडणिशी हा मुळात हिशेबाचा हुद्दा. कुणी किती उचलले हे ज्याच्या वहीत आहे, त्याच्याशी सगळेच जरा नरमाईने बोलतात. सोसायटीच्या खजिनदाराला हे सुख फक्त मेन्टेनन्स थकवणाऱ्यांकडून मिळते, तेही जिन्यात समोरासमोर गाठ पडली तर.

पाचोलीने सरकारी कचेऱ्यांशी व्यवहार करणाऱ्यांना एक इशारा देऊन ठेवला आहे. तो म्हणतो, तिथले कारकून वारंवार बदलतात, प्रत्येक नवा कारकून आपल्या पद्धतीने वह्या ठेवतो आणि आधीच्याने सगळा घोळ करून ठेवला होता असे सांगतो. तेव्हा आपले आपण नीट टिपून ठेवावे. हे वाचल्यावर व्हेनिस मला एकदम जवळचे वाटू लागले.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात त्यांची हयात गेली. ते जुन्या वळणाचे. त्यांच्या किर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. भाचीच्या पुस्तकात डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. एकदा दोघे माझ्या जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून एकच गणित सोडवत होते. दोघांच्या बाजू उलट, शिल्लक एकच. भाची म्हणाली, "आजोबा, तुमचं आरशात बघून लिहिल्यासारखं आहे." काका म्हणाले, "आरसा कुणाकडे आहे ते ठरायचंय अजून."

तेरीज जुळेना की मी काकांकडे जाते. सोसायटीची वही लिहायला बी. कॉम.चा एक मुलगा महिन्यातून दोन संध्याकाळी येतो. हुशार आहे, पण त्याचा एक कान कायम क्रिकेटकडे असतो. काका वही उघडतच नाहीत. आधी विचारतात, "फरक किती?"

"नऊशे."

"बाई, नऊने भाग जातो का बघा."

"जातो. शंभर."

"मग कुठेतरी आकडे उलटे लिहिलेत. हजार आणि शेकड्याच्या घरातले. आणि त्या दोन आकड्यांत एकाचाच फरक आहे. चोपन्नशे-पंचेचाळीसशे असलं काहीतरी शोधा."

जिन्यातल्या दिव्यांचे बिल ५,४०० रुपयांचे होते. वहीत ४,५०० लिहिले होते.

यात जादू काही नाही. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. एखादे शून्य गळाले तरी तसेच. ६,२०० चे ६२० झाले तर फरक ५,५८०, त्यालाही नवाने भाग जातो. नवाने नाही गेला तर काका फरक निम्मा करायला सांगतात आणि तेवढ्या रकमेची नोंद चुकून दुसऱ्या बाजूला पडली आहे का ते बघायला लावतात. ५०० रुपये जमेऐवजी नावे गेले तर तेरजेत १,००० चा फरक दिसतो. यातले काहीच लागू पडले नाही, तर चहा. चहानंतरही नाही सापडला, तर तो फरक सस्पेन्स खात्यात टाकून ठेवायचा आणि शोध चालू ठेवायचा. या खात्याला पाठ्यपुस्तकात एक मराठी नावही आहे, पण सगळे त्याला सस्पेन्सच म्हणतात, आणि ते योग्य आहे.

पण नुसती आपली वही आपल्याशी जुळली म्हणून काय झाले? एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तर तो दोन्ही बाजूंना नसतो आणि तेरीज थाटात जुळते. खुर्ची घेतली आणि फर्निचरऐवजी खरेदी खात्यात टाकली, तरी जुळते. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले, तरी जुळते. म्हणून कुणाच्या तरी दुसऱ्या वहीसमोर आपली वही धरावी लागते, आणि इथे तो प्रकार येतो ज्याला भाची आणि तिच्या मैत्रिणी 'बी.आर.एस.' म्हणतात: बँक जुळवणी पत्रक. परीक्षेत याची सगळ्यांना धास्ती असते. मला तो अख्ख्या पुस्तकातला सर्वांत सुसंस्कृत धडा वाटतो. कारण तो सुरूच अशा गृहीतावर होतो की दोन वह्या आहेत, दोन्ही प्रामाणिक आहेत, आणि तरी दोघींचे आकडे वेगळे आहेत. आता भांडायचे नाही, कारणे काढायची.

३१ मार्चचे उदाहरण घेऊ. सोसायटीच्या रोकड पुस्तकाप्रमाणे बँकेत शिल्लक १,८६,४००. बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे २,१०,८१४. बँक आपल्याकडे जास्तच पैसे दाखवते आहे म्हटल्यावर कार्यकारिणीतले निम्मे लोक खूश होतात आणि उरलेल्यांना संशय येतो. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या. पेन्सिल घेऊन दोन्हीकडच्या एकेक रकमेवर टिक करत जायचे. जिच्यावर टिक पडली नाही ती बोलू लागते. लिफ्टवाल्यांना दिलेला १८,५०० चा आणि प्लंबरला दिलेला ६,२०० चा चेक आपण लिहून टाकला, पण त्यांनी अजून बँकेत टाकलाच नाही. म्हणजे बँकेच्या लेखी ते २४,७०० अजून आपलेच आहेत. बँकेने १,१३२ रुपये व्याज परस्पर जमा केले, ते आपल्याला स्टेटमेंट आल्यावरच कळले. कुणीतरी यूपीआयने २,४०० रुपये टाकले, त्याचा आपल्याला पत्ता नाही. इतका वेळ बँक वर जात होती. आता खाली. एका सभासदाचा २,८०० चा चेक आपण ३० तारखेला भरला, तो अजून वटायचा आहे. बँकेने कसले तरी शुल्क कापले, १०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ११८. आणि राहिले ते काकांचे नऊशे. १,८६,४०० मध्ये २४,७०० आणि ३,५३२ मिळवा, २,८००, ११८ आणि ९०० वजा करा. २,१०,८१४. शेवटचा आकडा जुळला की आपण ज्याला कधी भेटलो नाही अशा बँकेतल्या कुणा माणसाशी हस्तांदोलन झाल्यासारखे वाटते.

या यादीत दोन जातीचे फरक आहेत, ते वेगळे केले पाहिजेत, नाहीतर पाच गुण जातात. व्याज, शुल्क, यूपीआय आणि चुकलेले बिल यांच्या नोंदी आपल्या वहीत करायच्या. त्या केल्या की आपली शिल्लक १,८८,९१४ होते. लिफ्टवाले, प्लंबर आणि तो न वटलेला चेक यांच्यासाठी मात्र काही करायचे नाही. त्यांना फक्त वेळ हवा आहे. नवा खजिनदार नेमका तिथेच हात घालतो.

आमचा प्लंबर चेक बँकेत टाकत नाही. तो शर्टाच्या खिशात ठेवतो. वेळेवर पैसे मिळाले याचे समाधान त्याला तेवढ्यावर पुरते. पूर्वी चेकचे आयुष्य सहा महिन्यांचे होते. १ एप्रिल २०१२ पासून ते तीन महिन्यांवर आले, हे मी त्याला दोनदा सांगितले. तीन महिने उलटून गेलेला चेक मग आपणच वहीत परत जमा करून घ्यायचा, प्लंबरला पुन्हा धनको करायचे आणि दुसरा चेक लिहायचा. तो म्हणतो, "असू द्या बाई, पैसे कुठं पळून जातात?"

एके काळी या धड्यात सारा भूगोल भरलेला असे. परगावचा चेक वटायला आठवडे लागत, आणि 'भरला पण जमा झाला नाही' या ओळीमागे रेल्वे, टपाल, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि दोन शहरांतल्या बँकांचे संबंध हे सगळे उभे असे. मग चेकऐवजी त्याचे चित्र प्रवास करू लागले. एनईएफटी २०१९ च्या डिसेंबरपासून रात्रंदिवस चालते. २०२५ च्या ऑक्टोबरात चेक दिवसभर सतत वटवत राहण्याची पद्धत सुरू झाली आणि सकाळी टाकलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागू लागला. मला वाटले, आता जुळवणीचा धडा पुस्तकातून जाणार. पण एक कारण गेले की दुसरे येते. पूर्वी पैसे कुणाचे ते माहीत असे आणि कुठे आहेत ते माहीत नसे. आता पैसे क्षणात खात्यात हजर होतात आणि कुणाचे ते कळत नाही. स्टेटमेंटवर बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो आणि पुढे पाठवणाऱ्याने ठेवलेले काहीतरी लाडाचे नाव, ज्यावरून सदनिका क्रमांक काढणे सीआयडीलाही जमायचे नाही.

गुणोत्तरांचा धडा मी उशिरा वाचला, कारण तो वाचण्याची खजिनदाराला गरज नसते. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की चालू गुणोत्तर. दोनास एक असावे, असे पुस्तक म्हणते. का, ते म्हणत नाही. अमेरिकेतल्या कर्ज देणाऱ्या बँकांनी शतकापूर्वी हा अंदाज रूढ केला आणि जगभरच्या परीक्षांत तो कायमचा चिकटला. आपल्या बँकांनी त्यावर घासाघीस केलेली आहे. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे धंदेवाल्याने चालू मालमत्तेतला चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशांतून उभा करायचा. म्हणजे शंभराच्या मालमत्तेसमोर चालू देणी पंच्याहत्तरच. शंभराला पंच्याहत्तरने भागले की १.३३. कारखानदारीशी संबंध आलेल्या कुणालाही हा आकडा झोपेत विचारा. काकांना विचारला तर ते चष्मा काढून पुसतात.

या गुणोत्तराची एक खोडी आहे आणि ती मला फार आवडते. समजा चालू मालमत्ता तीन लाख, चालू देणी दोन लाख. गुणोत्तर दीड. आता ३१ मार्चला संध्याकाळी धनकोंच्या नावे एक लाखाचे चेक लिहा. मालमत्ता दोन लाख उरली, देणी एक लाख. गुणोत्तर दोन! पुस्तकात सांगितले तसे. धंद्यात एक पैसा नवा आला नाही, उलट गेलाच. पण मार्चअखेरच्या फोटोत पोट आत गेले. हे चेक जर खरोखर पोचवले तर यात गैर काही नाही, देणी फेडणे चांगलेच. पण चेक लिहिले, वहीत नोंदवले, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले तर? वहीत देणी फिटलेली, बँकेत पैसे तसेच. ताळेबंद हे सांगणार नाही. गुणोत्तर तर नाहीच नाही. त्याला अंश आणि छेद यांपलीकडचे जग नसते. सांगते ती जुळवणी पत्रकातली पहिली ओळ: 'दिलेले परंतु वटवण्यासाठी सादर न झालेले चेक'. ती यादी अचानक लांबलचक दिसली आणि ते सगळे चेक मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम वटले, तर लेखापरीक्षक खणाची किल्ली मागतो. आमचे लेखापरीक्षक येतात तेव्हा ताळेबंदाकडे नंतर बघतात, आधी ही यादी आणि एप्रिल-मेचे स्टेटमेंट घेऊन बसतात. मला आधी वाटायचे की हा त्यांचा छंद आहे.

आणि फरक मुळीच नसेल तर? काका म्हणतात, कारखान्यात एखाद्या विभागाचा मेळ दर महिन्याला पहिल्या झटक्यात बसू लागला की ते स्वतः उठून तिकडे जात. दोन वह्या दोन हातांनी लिहिलेल्या असतील तर त्यांच्यात काहीतरी कमीजास्त राहणारच. कुणी आज लिहिले, कुणी उद्या. दोन्ही एकाच हाताने लिहिल्या तर मात्र मेळ केव्हाही बसतो. ७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे पत्र बाहेर आले आणि देशभरच्या हिशेबनिसांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. कंपनीच्या ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. जगातल्या नामांकित लेखापरीक्षण संस्थांपैकी एकीने ते हिशेब वर्षानुवर्षे तपासलेले होते. रोख शिल्लक ही ताळेबंदातली सगळ्यात सरळ ओळ. घसारा किती धरावा, कुठली उधारी बुडीत समजावी, ख्यातीची किंमत काय, यांवर दोन जाणत्यांची दोन मते होतील. बँकेत पैसे किती, यावर मत कसले? बँकेला विचारायचे. पण बँकेची म्हणून आलेली स्टेटमेंटेही घरचीच होती. दुसरी वही दुसऱ्याची नव्हती, तेव्हा टिक करायला पेन्सिल उचलून तरी काय उपयोग.

त्या मानाने आमचे फरक घरगुती आणि उघड्यावरचे. जुळवणी पत्रक, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा शेरा असे सगळे वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे लागते, आणि ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आम्ही ती सप्टेंबरातच घेतो, गणपती उठल्यावर, गच्चीवर, पाऊस नसेल अशा रविवारी. यंदा ताळेबंद कुणी वाचला नाही. गुणोत्तरांबद्दल कुणी विचारले नाही. पार्किंगवर पाऊण तास झाला. मग मी उठून म्हणाले की मार्चमध्ये सोसायटीच्या खात्यात यूपीआयने २,४०० रुपये आले आहेत, पाठवणाऱ्याचे नाव कळत नाही, रक्कम सस्पेन्सला आहे; ज्यांची असेल त्यांनी सांगावे, म्हणजे त्यांच्या नावावर जमा करते.

चार हात वर झाले.

चौघांनीही मार्चमध्ये यूपीआयने पैसे टाकले होते, चौघांनाही ते स्वच्छ आठवत होते, आणि चौघांच्याही नावावर मेन्टेनन्स थकलेला होता. मी म्हटले, बँकेतून आपापले स्टेटमेंट आणून दाखवा. त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे एक सभासद, ज्यांनी हात वर केला नव्हता, सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, "माझेही असू शकतील. मुलगा भरतो. त्याला विचारून सांगतो."

काका माझ्या शेजारीच बसले होते. कानाशी वाकून म्हणाले, "बाई, पाचांनी भागून बघा."